पुसदच्या नगराध्यक्षाने घातला झेडपीचा पाया

झेडपीचं तिकीट कुणाला, सभापती कोण होणार, यावर पारावर तासन् तास चर्चा रंगते. पण ही जिल्हा परिषद आणली कुणी, असं विचारलं तर बरेच जण गप्प होतात. ते काम वसंतराव नाईक यांचं.

१ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबा चतुरसिंग हे तांड्याचे नायक, गहुली त्यांनीच वसवलेली. वसंतरावांनी नागपुरात वकिलीचं शिक्षण घेतलं. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ मध्ये आमदार, पुढे मंत्री.

१९६० मध्ये राज्य झालं आणि महसूलमंत्री असलेल्या नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. प्रश्न सरळ होता, जिल्ह्याचा कारभार कुणाच्या हातात द्यायचा? केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवर जोर दिला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा परिषद बळकट करा असं सांगितलं. तालुक्याकडे पैसा आणि माणसं कमी पडतील, हा त्यामागचा हिशोब. दुसरी शिफारस जास्त धाडसाची. आमदार-खासदारांना झेडपीत जागा नको, जिल्हाधिकारीही बाहेर. कारभार निवडून आलेल्या सदस्यांनी पाहायचा, हाताखाली मुख्य कार्यकारी अधिकारी राहील. स्वतः मंत्री असलेल्या माणसाने आपल्याच आमदारांना बाहेर ठेवायचं, हे सोपं नव्हतं. आज तर कुणी तसं सुचवणारही नाही!

मार्च १९६१ मध्ये अहवाल आला, त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून तो लागू झाला. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी असा गावाच्या रोजच्या गरजेचा कारभार झेडपीकडे आला. २०२२ नंतर याच झेडपींवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले, तेव्हा रस्त्याच्या खड्ड्यासाठी कोणत्या सदस्याला गाठायचं हे लोकांना कळेना.

५ डिसेंबर १९६३ ला नाईक मुख्यमंत्री झाले ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत. संकरित ज्वारीचा प्रसार, १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं याच काळातली. त्यांचे पुतणे सुधाकरराव यवतमाळ झेडपीचे अध्यक्ष होते, १९९१ मध्ये तेही मुख्यमंत्री झाले. झेडपीतून नेते घडले हे खरं, पण बऱ्याच जिल्ह्यांत ती ठराविक घराण्यांकडेच राहिली, हेही खरं.

१९७७ मध्ये वसंतराव वाशिममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचं निधन झालं. त्यांची जयंती आता कृषी दिन म्हणून साजरी होते. झेडपीच्या कार्यालयातही त्या दिवशी फोटोला हार पडतो, भाषणं मात्र बहुतेक शेतीवरच होतात.