काँग्रेसचे ह्यूम आणि आपला रानपिंगळा

ए. ओ. ह्यूम म्हटलं की शाळेतला एका मार्काचा प्रश्न आठवतो : राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार कोणी घेतला? पण मित्रांनो, हा माणूस वर्षानुवर्षं पक्ष्यांमागे वेड्यासारखा हिंडला, आणि त्याचा धागा थेट आपल्या सातपुड्यापर्यंत येतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. १८४९ मध्ये ते सनदी नोकरीत भारतात आले. इटावा जिल्ह्यात कलेक्टर असताना त्यांनी शाळा काढल्या. १८५७ च्या धामधुमीत त्यांचा पक्ष्यांचा संग्रह नष्ट झाला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मार्च १८७३ मध्ये ते अंदमान-निकोबारला गेले. सोबत स्टोलिझ्का आणि व्हॅलेंटाइन बॉल हे भूगर्भशास्त्रज्ञ होते. तिथे सगळंच नवं. डोंगरावरचं दाट सदाहरित जंगल थेट समुद्राला भिडलेलं. निकोबारच्या किनाऱ्यालगत मेगापोड पक्षी वाळू आणि पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी पुरतो. ढिगाच्या उबेवर ती उबतात. विजेशिवाय चालणारा इन्क्युबेटरच! नारकोंडम हे तर जेमतेम ७ चौ. किमीचं ज्वालामुखी बेट. तिथल्या धनेशाचं शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनीच केलं. हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेही नाही. तेव्हा पक्षी बंदुकीने टिपत, कातडं भरून ठेवत आणि जागा-तारखेची चिठ्ठी बांधत.

त्याच १८७३ मध्ये ह्यूम यांनी आणखी एका पक्ष्याचं वर्णन छापलं. ब्ल्यूइट यांना आजच्या छत्तीसगडमध्ये मिळालेलं ते छोटं घुबड म्हणजेच रानपिंगळा.

पुढे दिवस फिरले. १८७९ मध्ये स्पष्टवक्तेपणामुळे सचिवपद गेलं. १८८३-८४ च्या सुमारास सिमल्याच्या घरातून भारतीय पक्ष्यांवरच्या ग्रंथाची हस्तलिखितं गायब झाली. नोकराने ती चक्क रद्दीत विकली होती! ह्यूम खचले. ग्रंथाचा नाद सोडून त्यांनी सुमारे ८२,००० पक्षी आणि अंडी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. त्याच १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. १९१२ मध्ये ते वारले.

इकडे १८८४ नंतर रानपिंगळा कोणाला दिसेना. मायनर्ट्झहागेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने म्युझियममधला जुना नमुना चोरून त्यावर १९१४ ची, गुजरातमधली खोटी चिठ्ठी लावली. त्यामुळे शोधणारे भलतीकडेच भटकले. शेवटी पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी पकडली. खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून त्या आणि त्यांचे सहकारी निघाले. त्यात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेले नमुनेही होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

ग्रंथ रद्दीत गेला, पण छापलेलं वर्णन आणि खरी चिठ्ठी टिकली. एका खोट्या चिठ्ठीने मात्र कित्येक वर्षं फुकट घालवली. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर जर्नलमध्ये मनाचं रीडिंग ठोकताना हे आठवलं तरी पुष्कळ. आणि तोरणमाळला गेलात तर गाणी जरा बंद ठेवा. वर फांदीवर कोणीतरी बसलेलं असेल.