आकडेमोडीचा तिटकारा असलेला भूमितिकार

तीन गावांसाठी मिळून एकच गोदाम बांधायचे आहे. गावांपासूनच्या अंतरांची बेरीज कमीत कमी यावी, तर ते नेमके कोठे बांधावे? ऑपरेशन्स रिसर्चच्या अभ्यासकांना या प्रश्नाच्या मागोमाग याकोब श्टायनर हे नाव भेटते. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत या माणसाला लिहितासुद्धा येत नव्हते!

स्वित्झर्लंडमधील बर्नजवळच्या उट्झेनस्टॉर्फ या खेड्यात १८ मार्च १७९६ रोजी एका शेतकरी कुटुंबात श्टायनर जन्मले. शेतीला हात हवे होते. शिक्षणाचे कौतुक घरात कोणाला नव्हते. अठराव्या वर्षी आईवडिलांचा विरोध पत्करून त्यांनी घर सोडले आणि इव्हेरदाँ येथे पेस्टालोत्सी यांची शाळा गाठली. विद्यार्थ्याने सिद्धांत स्वतः शोधून काढावा, ही तिथली रीत त्यांच्या अंगी कायमची मुरली. पुढे हायडेलबर्ग आणि १८२१ मध्ये बर्लिन. खासगी शिकवण्यांवर गुजराण करत त्यांनी १८३२ मध्ये भूमितीवरील आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. १८३४ मध्ये बर्लिन विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले.

आकडेमोड विचाराची जागा बळकावते, भूमिती मात्र विचाराला चालना देते, असे त्यांचे ठाम मत होते. स्वभावही तसाच, रोखठोक आणि काहीसा फटकळ.

गोदामाचा प्रश्न मुळात फर्माचा. सतराव्या शतकातच टॉरिचेल्लीने तो सोडवला : ज्या बिंदूपासून तिन्ही गावांकडे जाणाऱ्या रेषा परस्परांशी १२० अंशांचे कोन करतात, तेथे गोदाम बांधावे. त्रिकोणाचा एखादा कोन १२० अंशांचा वा त्याहून मोठा असेल, तर त्याच गावात. श्टायनर यांनी हा विचार अनेक बिंदूंपर्यंत नेला.

मधे नवे फाटे काढून सर्व गावे कमीत कमी लांबीच्या रस्त्यांनी जोडण्याचा प्रश्न मात्र वेगळा. गाउसने १८३६ मध्ये चार जर्मन शहरांच्या रेल्वेसंदर्भात तो विचारला होता. कूरां आणि रॉबिन्स यांच्या १९४१ च्या गाजलेल्या पुस्तकाने त्याला श्टायनर यांचे नाव दिले आणि आलेखशास्त्रात 'श्टायनर वृक्ष' रूढ झाला. श्रेयाची ही वाटणी न्याय्य नव्हे, हे मान्य करावे लागते. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये संगणकालाही जड जाणाऱ्या २१ प्रश्नांची यादी केली, तीत हा वृक्ष आहे. आकडेमोड नाकारणाऱ्याच्या नावावर आकडेमोडीचा हा डोंगर उभा राहावा, हा योगायोग मोठा गमतीचा.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. १ एप्रिल १८६३ रोजी बर्न येथे त्यांचे निधन झाले. आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा त्यांनी भूमितीच्या पारितोषिकासाठी बर्लिनच्या अकादमीला ठेवला होता.