सम्राटाचे लाल शिक्के

बीजिंगच्या जुन्या राजवाड्यात एक लहानशी खोली आहे. जिथली भव्य दालने पाहताना पाय दुखून येतात, तिथली ही खोली आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षाही लहान. चीनचा सम्राट चिएनलोंग राज्यकारभारातून सवड मिळाली की इथे येऊन बसे. खोलीला त्याने तीन दुर्मिळ वस्तूंचे दालन असे नाव दिले होते. या वस्तू हिरे-माणके नव्हत्या. ते होते जुन्या हस्ताक्षरांचे तीन कागद.

चिएनलोंगचा जन्म १७११ सालचा. १७३५ मध्ये तो गादीवर आला आणि साठ वर्षांनी, १७९६ मध्ये, आपण होऊन पायउतार झाला. कारण मोठे हृद्य आहे. त्याचे आजोबा कांगशी यांनी ६१ वर्षे राज्य केले होते, त्यांच्यापेक्षा आपली कारकीर्द लांबू नये अशी नातवाची इच्छा. अर्थात १७९९ मध्ये डोळे मिटेपर्यंत सत्तेची दोरी त्याच्याच हाती राहिली. त्याच्या नावावर चाळीस हजारांहून अधिक कविता आहेत, आणि हजाराहून अधिक शिक्के त्याने कोरवून घेतले होते. या शिक्क्यांचीच ही गोष्ट आहे.

चिनी माणसाला सुंदर अक्षर म्हणजे केवळ टापटीप वाटत नाही. कुंचल्याच्या फटकाऱ्यात लिहिणाऱ्याचा स्वभावच उतरतो, असे तो मानतो. या कलेतला सर्वश्रेष्ठ पुरुष म्हणजे चौथ्या शतकातला वांग शीझी. सातव्या शतकात सम्राट ताइझोंगला त्याच्या अक्षराचे असे वेड लागले, की त्याने देशभरातून ते कागद गोळा केले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध कागद एका वृद्ध भिक्षूकडून कपटाने मिळवला आणि शेवटी स्वतःच्या थडग्यात नेला, अशी आख्यायिका आहे. आज वांग शीझीच्या हातचा एकही अस्सल कागद उरलेला नाही. उरल्या आहेत त्या नकला. ताइझोंगच्या दरबारातले कारागीर मूळ कागदावर पातळ कागद ठेवून अक्षरांच्या कडा बारीक रेघेने उतरवीत आणि मग आतली जागा शाईने भरीत.

माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे हे वाचताना मला काउंटरवरचे चेक आठवले. नवख्या कारकुनाला वाटते, की नमुन्याशी तंतोतंत जुळते ती सही खरी. जुना माणूस नेमका तिथेच सावध होतो. खरा माणूस दोनदा एकसारखी सही करीत नाही. कधी तो घाईत असतो, कधी हात थरथरतो. तंतोतंत जुळणारी सही बहुधा गिरवलेली असते. तिच्यात रेघ असते, वेग नसतो.

दरबारी नकला मात्र फसवणुकीसाठी केलेल्या नव्हत्या. मूळ कागद झिजतील, म्हणून आदराने केलेल्या त्या प्रती होत्या. पुढे मूळ कागद नाहीसे झाले, मालक बदलत गेले आणि प्रतीच अस्सल म्हणून मिरवू लागल्या. प्रत्येक मालक कागदावर आपला लाल शिक्का उठवी. हुंडीच्या पाठीवर एकामागून एक सह्या पडाव्यात तसे हे शिक्के. अर्थात शिक्केही खोटे करता येतात. अकराव्या शतकातला थोर सुलेखनकार मी फू तर लोकांचे कागद पाहायला नेई आणि परत करताना स्वतः केलेली नक्कल देई, असे सांगतात.

चिएनलोंगच्या तीन कागदांपैकी पहिला वांग शीझीचा म्हणून ओळखला जाई. बर्फ पडून गेल्यावर मित्राची ख्यालीखुशाली विचारणारी ही अवघ्या २८ अक्षरांची चिठ्ठी. सम्राट तिच्यावर इतका लुब्ध होता, की त्याने तिच्याभोवती पुन्हा पुन्हा अभिप्राय लिहिले. आज जाणकार तिला गिरवलेली प्रत मानतात. दुसरा कागद वांगच्या मुलाच्या नावावर होता. पण त्याचा कागद बांबूच्या लगद्याचा, म्हणजे कित्येक शतकांनंतरचा. ती बहुधा मी फूचीच करामत. तिसरा, वांगच्याच घराण्यातल्या वांग शुनचा कागद मात्र अस्सल मानला जातो. तो १७४६ मध्ये हाती आला आणि खोलीला तिचे नाव मिळाले.

त्याच वर्षी आणखी एक प्रसंग घडला. सम्राटाला अक्षरांइतकेच चित्रांचेही वेड. चौदाव्या शतकातल्या हुआंग गोंगवांगचे फूछुन डोंगरांचे लांबलचक चित्र त्याला १७४५ मध्ये मिळाले होते आणि त्यावर तो भरभरून लिहू लागला होता. वर्षभराने तेच चित्र दुसऱ्यांदा राजवाड्यात आले. हे खरे होते, पहिली नक्कल होती. सम्राटाने पाहिले आणि निर्णय दिला, की नवे आलेले खोटे. ते विकत मात्र घेतले, आणि खोटे असल्याचा शेरा एका मंत्र्याकडून त्यावर लिहवून घेतला. नकलेवर पुढे त्याचे पन्नासहून अधिक अभिप्राय साठले.

मला सम्राटाचे हसू येत नाही. चूक कोणाची होत नाही? मला विचार पडतो तो त्या मंत्र्यांचा. त्यांच्यात एकही पारखी नसेल, हे संभवत नाही. बँकेत मोठ्या रकमेच्या कागदावर दोन सह्या लागतात, त्या एकाचा दुसऱ्यावर अविश्वास असतो म्हणून नव्हे, तर एकट्या माणसाची नजर चुकते म्हणून. चिएनलोंगच्या दरबारात दुसरी सही करणारा कोणी नव्हता. खरे चित्र राजसंग्रहाच्या सूचीत खरे म्हणून नोंदले गेले ते १८१६ च्या सुमारास. तेव्हा सम्राटाला जाऊन सतरा वर्षे झाली होती.

राजवट संपल्यावर त्या खोलीतले कागद पांगले. दोन कागद हाँगकाँगच्या एका बँकेत कर्जापोटी तारण पडले होते. मुदत संपत आली, तेव्हा १९५१ मध्ये चीन सरकारने ते विकत घेऊन बीजिंगला नेले. बर्फाची चिठ्ठी तैपेईला आहे.

फूछुनची दोन्ही चित्रेही तैपेईलाच आहेत. खऱ्या चित्राचा १६५० मधल्या एका आगीत वेगळा झालेला तुकडा २०११ मध्ये तिथे नेऊन प्रदर्शनात जोडीला मांडला, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. नकलेवर आकाशाची जागा सम्राटाच्या अक्षरांनी आणि शिक्क्यांनी भरून गेली आहे. खऱ्या चित्रातले आकाश मात्र बरेचसे मोकळे राहिले. सम्राटाने त्याला खोटे ठरवले होते, म्हणून.