आम्लांचे कोडे उलगडणारे अऱ्हेनियस

आंबट चव असणारे व निळा लिटमस तांबडा करणारे ते आम्ल. स्पर्शाला बुळबुळीत व तांबडा लिटमस निळा करणारे ते आम्लारी, ही ओळख जुनीच होती. या गुणधर्मांमागचे कारण उलगडून दाखवले ते स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते ऑगस्ट अऱ्हेनियस यांनी. मात्र त्यासाठी त्यांना स्वतःच्याच विद्यापीठाची अवहेलना सोसावी लागली.

उप्सालाजवळील विक येथे १९ फेब्रुवारी १८५९ रोजी त्यांचा जन्म झाला. उप्साला विद्यापीठातील अध्यापनाने समाधान न झाल्याने १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला एरिक एडलुंड यांच्याकडे संशोधनासाठी गेले. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, शुद्ध पाणीही जवळजवळ नाही. मग मिठाचे पाणी ती कशी वाहून नेते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. विरघळलेल्या पदार्थाचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, विजेचा प्रवाह सोडण्यापूर्वीच सुटे झालेले असतात, या विचाराकडे त्यांचे संशोधन वळले.

हा विचार त्या काळी विपरीत वाटणारा होता. सोडियम पाण्याशी तीव्र अभिक्रिया करतो, क्लोरीन तर विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात ते सुटे कसे असतील, असा आक्षेप घेतला जाई. विद्युतभारित आयनाचे गुणधर्म मूळ अणूहून वेगळे असतात, हे त्याचे उत्तर होते. १८८४ मध्ये सादर केलेल्या प्रबंधाला उप्सालात चौथी श्रेणी मिळाली आणि अध्यापनाची वाट जवळपास बंद झाली. अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती युरोपातील नामवंत शास्त्रज्ञांना धाडल्या. त्यांपैकी विल्हेल्म ओस्टवाल्ड त्याच वर्षी स्वतः उप्सालाला येऊन त्यांना भेटले. त्यानंतर विद्यापीठानेही त्यांना अध्यापक म्हणून सामावून घेतले.

१८८७ मध्ये सिद्धान्ताची पूर्ण मांडणी झाली. पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी. दोहोंच्या संयोगातून पाणी तयार होते व क्षार उरतो, हेच उदासिनीकरण. तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी कोणतीही घेतली, तरी विरल द्रावणात प्रत्येक मोल पाण्यामागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णताच का बाहेर पडते, याचाही उलगडा त्यातून झाला. हायड्रोक्लोरिक आम्लाचे विचरण जवळपास पूर्ण होते, तर व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाचे अगदी थोडे. म्हणूनच एक तीव्र आणि दुसरे सौम्य.

याच सिद्धान्तासाठी १९०३ मध्ये अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिलेच स्वीडिश नागरिक. हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाचा पृथ्वीच्या तापमानाशी असलेला संबंधही त्यांनी १८९६ मध्ये आकडेमोडीने दाखवला होता.

अर्थात, रेणूत हायड्रॉक्साइड नसूनही अमोनिया आम्लारी का ठरतो, हे त्यांच्या व्याख्येतून नीट स्पष्ट होत नव्हते. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी स्वतंत्रपणे अधिक व्यापक व्याख्या दिली. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे अऱ्हेनियस यांचे निधन झाले. आम्ल-आम्लारींचा शालेय अभ्यास मात्र आजही त्यांच्याच व्याख्येपासून सुरू होतो.