सीझनभर ५० च्या सरासरीने पॉइंट्स मारले, तरी सर्वोत्तम खेळाडूचा मान दुसऱ्यालाच मिळाला

बास्केटबॉलमध्ये एखाद्याने एका मॅचमध्ये ५० पॉइंट्स काढले, तर दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. एका गड्याने मात्र अख्ख्या सीझनची सरासरीच ५० च्या पुढे नेली होती. ८० मॅच, ४,०२९ पॉइंट्स, सरासरी ५०.४.

सीझन होता १९६१-६२ चा आणि गडी होता विल्ट चेंबरलेन.

विल्टचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. उंची ७ फूट १ इंच. या उंचीवरून लोकांनी त्याला काठीच्या पायांवर चालणाऱ्या माणसाचं नाव दिलं, विल्ट द स्टिल्ट. त्याला ते अजिबात आवडायचं नाही. बिग डिपर हे दुसरं टोपणनाव मात्र आवडायचं. दारातून जाताना त्याला वाकावं लागायचं, त्यावरून मित्रांनी ते ठेवलं होतं.

कॉलेजसाठी तो कॅन्सस विद्यापीठात गेला. १९५७ ची राष्ट्रीय फायनल नॉर्थ कॅरोलायनाशी होती. समोरच्या कोचचं नाव फ्रँक मॅग्वायर. मॅचच्या सुरुवातीला बॉल उडवतात तेव्हा विल्टसमोर उडी मारायला मॅग्वायरने आपल्या टीममधला सगळ्यात बुटका प्लेअर पाठवला. मॅच तीन ओव्हरटाइमपर्यंत गेली आणि विल्टची टीम ५३-५४ अशी एका पॉइंटने हरली. तिथून एक शिक्का बसला. हा माणूस आकडे मोठे काढतो, पण जिंकून देत नाही.

पुढे हार्लेम ग्लोबट्रॉटर्ससोबत एक वर्ष खेळून तो १९५९ मध्ये फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून एनबीएमध्ये उतरला. पहिल्याच सीझनला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि मग आला १९६१-६२ चा सीझन

वॉरियर्सचा नवा कोच कोण? तोच, फ्रँक मॅग्वायर. ज्याने १९५७ ला हरवलं, तोच आता विल्टला खेळवणार होता. त्याने ठरवलं की विल्टला बाकावर बसवायचंच नाही.

एनबीएची मॅच असते ४८ मिनिटांची. विल्टची त्या सीझनची सरासरी होती ४८.५ मिनिटं. म्हणजे मॅचपेक्षा जास्त? हो, कारण काही मॅच ओव्हरटाइममध्ये गेल्या. एका मॅचमध्ये रेफरीशी वाद घातला म्हणून त्याला बाहेर काढलं, तेवढीच आठेक मिनिटं तो खेळला नाही. बाकी अख्खा सीझन तो कोर्टवरच होता.

२ मार्च १९६२ ला न्यूयॉर्क निक्सविरुद्ध मॅच होती. जागा होती हर्शी, पेनसिल्वेनियातलं चॉकलेट कारखान्याचं गाव. प्रेक्षक ४,१२४. टीव्हीवर मॅच दाखवलीच नाही, त्यामुळे तिचा व्हिडिओ नाही.

हाफटाइमला विल्टचे ४१ झाले होते, तिसऱ्या क्वार्टरनंतर ६९. आता हा शंभर करणार हे लोकांच्या लक्षात आलं. विल्टकडे बॉल जाऊ नये म्हणून निक्सवाले त्याच्या साथीदारांना मुद्दाम फाऊल करू लागले. मग बॉल परत मिळवायला वॉरियर्सवालेही फाऊल करू लागले. मॅचचा नुसता गोंधळ झाला. शेवटचं मिनिट सुरू असताना शंभरावा पॉइंट आला. मॅच १६९-१४७ अशी सुटली. नंतर कागदावर १०० लिहून तो विल्टच्या हातात दिला आणि फोटो काढला. तोच फोटो आजही फिरतो.

पण या शंभरात एक गंमत आहे. त्यातले २८ पॉइंट्स फ्री थ्रोचे होते, ३२ पैकी २८. आणि फ्री थ्रो ही तर विल्टची सगळ्यात दुखरी नस. मग त्या दिवशी जमलं कसं?

त्या सीझनला तो फ्री थ्रो खालून मारायचा. बॉल दोन्ही हातांत धरायचा, गुडघ्यांपाशी न्यायचा आणि हलकेच वर सोडायचा. सीझनभरात त्याचे ६१ टक्के फ्री थ्रो पडले. त्याच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात चांगली टक्केवारी.

आणि नंतर त्याने ही पद्धत सोडून दिली. कारण काय, तर तसं मारताना आपण बायकी दिसतो असं त्याला वाटायचं. पुढे त्याने स्वतःच हे चुकल्याचं मान्य केलं. १९६७-६८ ला टक्केवारी ३८ वर आली होती. कारकिर्दीत ११,८६२ फ्री थ्रोपैकी ५,८०५ हुकले.

मग त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू कोण?

बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल. पॉइंट्सची सरासरी १८.९. तेव्हा मतदान खेळाडूच करायचे. सेल्टिक्सने ८० पैकी ६० मॅच जिंकल्या होत्या, वॉरियर्सने ४९. खेळाडूंनी जिंकून देणाऱ्याला मत दिलं. प्लेऑफमध्ये हे दोघे समोरासमोर आले. सातव्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी सॅम जोन्सने बास्केट केली आणि सेल्टिक्स १०९-१०७ ने जिंकले. सगळ्यात मोठा सीझन दोन पॉइंट्सनी संपला.

विल्टला अडवायला नियमही बदलले. १९६४ मध्ये बास्केटखालची पट्टी १२ वरून १६ फूट केली, म्हणजे असल्या धिप्पाड प्लेअर्सना लांब उभं राहावं लागेल.

शेवटी विल्टनेच खेळ बदलला. स्वतः मारण्यापेक्षा तो पास जास्त देऊ लागला. १९६६-६७ ला त्याची सरासरी २४ वर आली, पण फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सने रसेलच्या सेल्टिक्सला ४-१ ने हरवलं आणि विल्टला पहिलं विजेतेपद मिळालं. पुढच्या सीझनला तर सगळ्यात जास्त असिस्ट त्याचेच होते. १९७२ ला लॉस एंजेलिस लेकर्सकडून दुसरं विजेतेपद आलं. त्या सीझनला लेकर्सने सलग ३३ मॅच जिंकल्या होत्या.

एवढ्या ताकदीचा माणूस, पण एनबीएच्या १,०४५ मॅचमध्ये तो एकदाही सहा फाऊल होऊन बाहेर गेला नाही. १२ ऑक्टोबर १९९९ ला लॉस एंजेलिसमध्ये हृदयविकाराने त्याचं निधन झालं. वय होतं ६३.

५०.४ चा आकडा आजही कुणी मोडलेला नाही. पण विल्टला विजेतेपद मिळालं ते हा आकडा निम्म्यावर आल्यावर. आणि जी एक गोष्ट त्याला शेवटपर्यंत नडली, तिचं औषध त्याच्याकडेच होतं. लोक हसतील म्हणून त्याने ते घेतलं नाही.