पाटी काढलेला डॉक्टर

यंदाच्या अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा, असा संपादिकाबाईंचा फोन आला आणि मी नेहमीप्रमाणे हो म्हणून बसले. फराळ, भारतवारी आणि सासूबाईंचा पहिला विमानप्रवास या तिन्ही विषयांवर माझं लिहून झालेलं आहे (ज्यांनी जुने अंक रद्दीत घातले नसतील त्यांनी खात्री करून घ्यावी). म्हणून या खेपेला एका डॉक्टरची गोष्ट सांगते. डॉक्टर रशियन होता, जाऊन शंभरावर वर्षं झाली. पण माझ्या नोकरीच्या आयुष्यात मला त्याने जितकी सोबत केली तितकी कुणीच केली नाही.

आधी माझं थोडं सांगायला हवं. १९९३ साली मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर होते. रात्रपाळीला एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, छातीत कळ येऊन कोसळलेले. चाळीस मिनिटं आम्ही सगळे त्यांच्या छातीवर अक्षरशः जोर काढत होतो. नाही वाचले. बायकोला सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं. ते कसंबसं उरकून चहाच्या खोलीत आले, तर आमचा सीनियर आपल्या पहिल्या दिवसाची फजिती सांगत होता. गोष्ट अगदी साधी होती, पण आम्ही सगळे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. दार उघडंच होतं. नवऱ्याचा चष्मा राहिला म्हणून परत आलेल्या त्या बाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा घेऊन निघून गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस मी कामावर हसणंच सोडून दिलं. घरी सुद्धा जरा घुम्यासारखीच वागायचे. तेव्हा यांनी एका चॅरिटी शॉपमधून दोन पौंडांना एक जाडजूड पुस्तक आणून दिलं, अंतोन चेकॉव्हची पत्रं. मला तो फक्त गोष्टी लिहिणारा म्हणून माहीत होता. डॉक्टर म्हणून तो मला त्या पुस्तकात भेटला.

चेकॉव्हचा जन्म १८६० सालचा, अझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग या बंदराच्या गावचा. आजोबा भूदास होते, जमीनदाराला पैसे मोजून त्यांनी स्वतःची आणि कुटुंबाची सुटका करून घेतली होती. वडिलांचं किराणा दुकान. माणूस देवभोळा आणि मारकुटा. पोरांना पहाटे उठवून चर्चमध्ये गायला उभं करायचे आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसवायचे. १८७६ मध्ये दुकान बुडालं आणि वडील देणेकऱ्यांना चुकवून मॉस्कोला पळाले. पाठोपाठ सगळं घर गेलं. सोळा वर्षांचा अंतोन तेवढा शाळा पुरी करायला मागे राहिला. शिकवण्या करायचा, घरातलं उरलंसुरलं सामान विकायचा आणि मॉस्कोला पैसे पाठवायचा. सोबत पत्रं पाठवायचा, तीही गमतीची. आईला ते फारसं रुचत नसे. इकडे खायची भ्रांत आणि याला विनोद सुचतायत! आपल्यातल्या कितीजणांनी पहिल्या वर्षी घरी असलीच पत्रं लिहिली असतील, खोली गळते हे सोडून बाकी सगळं सांगणारी.

१८७९ मध्ये तो मॉस्कोला आला आणि मेडिकलला दाखल झाला. पुढल्याच वर्षी त्याच्या गमतीच्या गोष्टी साप्ताहिकांत छापून यायला लागल्या. हौस वगैरे नंतर, आधी घरभाडं. 'ओस्कोल्की' नावाचं पीटर्सबर्गचं विनोदी साप्ताहिक ओळीला आठ कोपेक द्यायचं आणि संपादकाची अट अशी की शंभरेक ओळींच्या पुढे जायचं नाही. म्हणजे जास्त लिहिलं तर जास्त पैसे, पण जास्त लिहायची परवानगी नाही. (आमच्या संपादिकाबाईंनी हे वाचून काही शिकू नये.) नावं तरी किती घ्यावीत! अंतोशा चेखोन्ते हे नेहमीचं. शिवाय पानथरी नसलेला माणूस, माझ्या भावाचा भाऊ, आणि मला सगळ्यात आवडलेलं, रुग्ण नसलेला डॉक्टर. घरात लिहायला जागा नाही, शेजारच्या खोलीत पाहुण्यांचं पोर रडतंय, वडील आईला मोठ्याने पुस्तक वाचून दाखवतायत, समोर वैद्यकाची पुस्तकं वाट बघतायत, आणि हा गोष्ट पुरी करतोय. आपले चि. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवता शिकवता चिमणराव लिहीत होते. त्यांचं घर असंच गजबजलेलं असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं.

१८८४ मध्ये तो डॉक्टर झाला. त्या उन्हाळ्यात मॉस्कोबाहेरच्या खेड्यांतल्या इस्पितळांत काम केलं. शवविच्छेदनं सुद्धा केली. त्याच वर्षीची 'शस्त्रक्रिया' नावाची त्याची गोष्ट आहे. डॉक्टर लग्नाला गेलाय, स्वतःच्याच, आणि इस्पितळ कंपाउंडरच्या हातात. चर्चमधला एक म्हातारा दाढ दुखते म्हणून येतो. कंपाउंडर आधी मोठी ऐट करतो, दात काढणं म्हणजे काय, किरकोळ काम. मग पकड लावतो, ओढतो, पकड निसटते, पुन्हा लावतो, आणि शेवटी दाढ मोडते. दोघं एकमेकांना शिव्या घालतात आणि म्हातारा गाल धरून घरी जातो. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खो खो हसले आणि लगेच अस्वस्थ झाले. कारण दुखतंय ते रुग्णाचंच ना! मग पुन्हा वाचली. चेकॉव्ह हसतोय तो कंपाउंडरच्या ऐटीला आणि त्या ऐटीपुढे मान तुकवणाऱ्या म्हाताऱ्यालाही, पण ती दाढ मात्र त्याने खरोखरीची दुखवलेली आहे. ठणका वाचताना आपल्याला लागतो. दात काढण्याचं काम ज्याने जवळून पाहिलंय त्यालाच असं लिहिता येतं.

त्याच डिसेंबरात त्याच्या खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं. वय चोवीस. डॉक्टर असून त्याने स्वतःची छाती दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं पुढे कितीतरी वर्षं टाळलं. घशातलं रक्त आहे, विशेष काही नाही, असंच तो सगळ्यांना सांगायचा. इथे मात्र त्याची थट्टा मला आवडत नाही, स्पष्टच सांगते. ही थट्टा नव्हे, पळवाट होती. पण डॉक्टर लोक असेच असतात. आमच्या घरातही एक आहे आणि ती मी आहे.

दवाखान्याची पाटी त्याने मॉस्कोत लावली होती. गरिबांकडून पैसे घ्यायचा नाही. मग एका चित्रकार मित्राच्या घरी सांसर्गिक ताप शिरला. आई आणि बहिणी एकदमच अंथरुणाला खिळल्या. हा नवा डॉक्टर, रोज जायचा. आई गेली आणि एक मुलगीही गेली. मुलीने जाताना याचा हात घट्ट धरून ठेवला होता. त्याच्या भावाने आठवणींत लिहिलंय की त्यानंतर अंतोनने दारावरची पाटी काढून टाकली आणि पुन्हा लावली नाही. हे वाचलं ती रात्र मला चांगली आठवते. मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासत बसले होते. भांडी आधीच घासलेली होती.

पण पाटी काढली तरी डॉक्टरकी कुठे सुटते? १८९० मध्ये, नाव झालेलं, पुश्किन पारितोषिक मिळालेलं, आणि हा खोकत खोकत सखालिनला निघाला. सखालिन म्हणजे रशियाचं काळं पाणी, जपानजवळचं कैद्यांचं बेट. तेव्हा सायबेरियातून रेल्वे नव्हती. घोडागाडी, चिखल, पूर आणि बोटी असा जवळजवळ तीन महिन्यांचा प्रवास. तिथे तीन महिने राहून त्याने घरोघर हिंडून सुमारे दहा हजार माणसांच्या नोंदी स्वतः कार्डांवर लिहून काढल्या. कैदी, बायका, पोरं, कुणाला काय आजार, कोण काय खातं. त्यावरचं पुस्तक कोरडं आहे आणि ते तसंच असायला हवं. तिथे फटके मारताना त्याने पाहिलं होतं.

परतीचा प्रवास समुद्रमार्गे होता, हाँगकाँग, सिंगापूर, मग कोलंबो. मुंबई राहिलीच. पण कोलंबोत त्याने मुंगूस विकत घेतलं! आपल्याला परसात दिसलं तर शुभशकुन, रशियन लोकांना नवलाईच. म्हणून आणखी एक जनावर मुंगूस समजून घेतलं, ते घरी गेल्यावर उदमांजर निघालं. मुंगसाने मॉस्कोच्या घरात भांडी फोडली, कुंड्या उकरल्या, प्रत्येक वस्तूत नाक घातलं. सखालिनचा अंधार डोक्यात घेऊन आलेल्या माणसाच्या पत्रांमध्ये या मुंगसाचं केवढं कौतुक आहे! शेवटी घरच्यांनी हात टेकले आणि १८९२ मध्ये मुंगूस मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयात गेलं.

त्याच वर्षी त्याने मेलिखोवो गावी जमीन घेतली आणि लगेच कॉलऱ्याची साथ आली. पंचवीस खेडी, चार कारखाने आणि एक मठ इतका इलाखा त्याने बिनपगारी सांभाळला. औषधं आणि खाटांसाठी कारखानदारांपुढे हात पसरले. आपण भीक मागण्यात चांगलेच तयार झालो आहोत, असं मित्राला कळवलं. लिहायला महिनोन् महिने सवड नाही. पुढे घरात दोन डॅक्सहुंड कुत्री आली तर त्यांची नावं ठेवली ब्रोम आणि खिना, म्हणजे ब्रोमाइड आणि क्विनीन. दिवसभर जे वाटायचं त्यालाच संध्याकाळी हाक मारायची. आमच्या ओळखीत कुणी मांजराचं नाव पॅरासिटामॉल ठेवलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि याच १८९२ मध्ये 'वॉर्ड नंबर सहा' छापून आली. तिच्यातला डॉक्टर रागिन वाईट माणूस नाही. दुःख ही मनाची समजूत आहे असं तत्त्वज्ञान सांगत तो हळूहळू इस्पितळात जायचाच बंद होतो आणि शेवटी आपल्याच वॉर्डात वेडा म्हणून कोंडला जातो. मला इतके दिवस धास्ती होती की हसण्याने आपण रागिन होऊ. पण त्याच्यात विनोदाचं अंगच नाही. त्याच्याकडे विचारांची छान उबदार गोधडी आहे.

हसू नको तिथेही येतं, हेही चेकॉव्हच्या वाट्याला आलं. १८९६ मध्ये पीटर्सबर्गला 'सीगल' नाटकाचा पहिला प्रयोग एका विनोदी नटीच्या सत्काराच्या रात्री लावला होता. लोक हसायलाच आलेले, आणि नको त्या जागी हसले. हा बिचारा रात्री रस्त्यांवरून भटकत राहिला. पुढच्या वर्षी मॉस्कोत जेवायला बसला असताना तोंडातून भळाभळा रक्त आलं आणि क्षय आता झाकता येईना. मग याल्टाची हवा, आणि १९०१ मध्ये नटी ओल्गा क्निपरशी लग्न. मित्र आणि नातेवाइकांना एकीकडे जेवायला बोलावलं आणि दुसरीकडे चर्चमध्ये गुपचूप लग्न उरकून दोघं पसार. 'चेरी ऑर्चर्ड' हे प्रहसनाच्या अंगाने जाणारं सुखान्त नाटक आहे असं तो शेवटपर्यंत सांगत होता, आणि स्तानिस्लाव्हस्की ते रडवं करून बसवत होता.

जुलै १९०४ मध्ये जर्मनीतल्या बाडेनवायलरला तो गेला. त्याच संध्याकाळी त्याने ओल्गाला एक गोष्ट रचून सांगितली होती. एका आरोग्यधामातले खातेपिते पाहुणे फिरून भुकेले परत येतात आणि बघतात तर आचारी पळून गेलेला. ओल्गा सोफ्यावर पडून हसत होती. काही तासांनी डॉक्टरांनी शॅम्पेन मागवली, चेकॉव्हने पेला रिकामा केला, कुशीवर वळला आणि गेला. शव मॉस्कोला आलं ते शिंपल्यांची वाहतूक करणाऱ्या गाडीच्या डब्यातून. स्टेशनवर आलेल्यांतले काही लोक चुकून एका जनरलच्या अंत्ययात्रेमागे चालू लागले, चेकॉव्हला हा लष्करी बँड कशाला, म्हणून नवल करत. खऱ्या यात्रेत कुणी कुत्र्यांच्या हुशारीविषयी बोलत होतं, कुणी आपल्या उन्हाळी बंगल्याविषयी. गॉर्की संतापला होता. मी मात्र गाडीत वाचताना इतकी हसले की समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढून घेतली.

आणि मग आठवलं की त्या शवपेटीमागे ओल्गा चालत होती. तिच्याही कानावर ते आवाज पडत असणार.

पुढे मी स्वतःचा दवाखाना घेतला तेव्हा पहिल्या महिन्यात चहाच्या खोलीला आपोआप बंद होणारं दार बसवून घेतलं. जाड लाकडाचं, फटीला रबराची पट्टी लावलेलं. सुताराने विचारलं, आत काय यंत्र बसवणार आहात? मी म्हटलं, बिस्किटं. आत नर्सेस काय वाटेल ते सांगायच्या, आम्ही पोट धरून हसायचो, आणि बाहेर पडताना मी आधी दाराच्या काचेतून बघून घ्यायचे, कुणी चष्मा न्यायला आलंय का.