तुकोबांचे वैरी आणि देवाचा न्याय

दुसऱ्याने आपल्या नाशाचा घाट घातला असता सज्जनाने कसे वागावे, हा प्रश्न बाजारपेठेत वावरणाऱ्यास वारंवार पडतो. त्याचे उत्तर देण्यास देहूच्या एका वाण्याचे चरित्र पुरेसे आहे, असे आम्हांस वाटते.

तुकोबांचा जन्म सामान्यतः १६०८ साली झाला असे मानितात. जातीने कुणबी, धंद्याने वाणी. घरी सावकारी व महाजनकी. १६३० च्या सुमारास दख्खनेत जो भयंकर दुष्काळ पडला त्यात त्यांचा व्यापार बुडाला आणि प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. पुढे बंधू कान्होबा यांचा कर्जखतांतील हिस्सा त्यांस देऊन तुकोबांनी आपला हिस्सा इंद्रायणीत सोडिला, असे चरित्रकार सांगतात. हक्काचे येणे सोडणे किती कठीण, हे आमच्या व्यापारी वाचकांस निराळे सांगावयास नको.

अशा निरुपद्रवी पुरुषासही वैरी निर्माण झाले. शूद्र म्हणविलेल्याने धर्माचा अर्थ लोकभाषेत सांगावा व तो ब्राह्मणांनीही ऐकावा, हाच त्यांचा अपराध! मंबाजी गोसाव्याने त्यांस काट्यांनी झोडपिले. तरी त्या रात्री तो कीर्तनास आला नाही असे पाहून तुकोबांनी त्याच्या घरी जाऊन त्याचे अंग रगडिले, अशी कथा आहे. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या आज्ञेने तर अभंगांच्या वह्याच इंद्रायणीत बुडविणे भाग पडले. तुकोबा देवाच्या दारी तेरा दिवस निराहार बसले. या प्रसंगाचा उल्लेख त्यांच्या अभंगांतच आहे. आणि आपण देवास व्यर्थ शिणविले म्हणून त्यांनी मागाहून क्षमाही मागितली आहे.

वह्या कोरड्या वर आल्या असे भाविक मानितात. अभंग लोकांस आधीच मुखोद्गत होते असे चिकित्सक म्हणतात. या वादात आम्ही पडत नाही. कसेही असो, आज्ञा निष्फळ झाली, आणि ती देणारे रामेश्वर भटच पुढे तुकोबांचे शिष्य होऊन त्यांची आरती रचिते झाले. वैऱ्यावर वीज पडली नाही. त्याचे मन पालटले. देवाचा न्याय याहून थोर तो कोणता?

मात्र देवावर भरवसा म्हणजे स्वस्थ बसणे असे कोणी समजू नये. तुकोबांस दुःख झाले, ते त्यांनी लपविले नाही. परंतु कपटास कपटाने उत्तर दिले नाही आणि आपले काम सोडिले नाही. आपणांवर खोटी फिर्याद झाली तर चोख हिशेब पुढे ठेवावा, कायद्याची दाद मागावी. पण प्रतिस्पर्ध्याच्या नाशासाठी दुसरी खोटी फिर्याद रचू नये. ती रचिली की देवाच्या न्यायावरचा आपला दावा आपणच सोडिला. आणि जन्माच्या नावाखाली दुसऱ्याची वाणी बंद करणाऱ्यांनी तर रामेश्वर भटांचा पहिला निर्णय नव्हे, दुसरा गिरवावा.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबा गेले. पाण्यात बुडविलेले तेच अभंग मुंबईत सरकारी खर्चाने १८६९ व १८७३ साली दोन भागांत छापिले गेले. न्यायास विलंब लागला. परंतु तो चुकला नाही.